‘फेल’ चालतं, मग ‘पास’ का चालत नाही? पायथॉनमधले आरक्षित शब्द आणि व्हेरिएबलची नावं



अकरावीच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दरवर्षी एक प्रसंग ठरलेला असतो. निकालाचा छोटासा प्रोग्राम लिहायला सांगितला, की निम्म्या वर्गाची पहिली ओळ अशी असते:

पास = ३५

एंटर दाबलं की स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘सिन्टॅक्स एरर’. मग कुणीतरी हात वर करतं, “मॅडम, फेल = २० चालतं. मग पास का चालत नाही?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. याचं उत्तर “तो कीवर्ड आहे, पाठ करा” एवढंच दिलं तर मूल गप्प बसतं, पण त्याला काही कळत नाही. म्हणून आजच्या लेखात आपण दोन गोष्टी बघू. पायथॉनने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द कोणते आणि ते का राखले आहेत, ही पहिली. आणि उरलेल्या शब्दांतून नाव निवडताना काय सांभाळायचं, ही दुसरी. माझ्या अनुभवात पहिल्या गोष्टीची चूक संगणक लगेच पकडतो. दुसरीची पकडत नाही, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

(एक सूचना: वाचायला सोपं जावं म्हणून इथले सगळे शब्द आणि आकडे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना पायथॉनचे स्वतःचे शब्द इंग्रजी स्पेलिंगनेच आणि आकडेही इंग्रजीच टाइप करायचे.)

१. आरक्षित शब्द म्हणजे काय?

रेल्वेच्या आरक्षित डब्यात बर्थ रिकामा दिसला तरी त्यावर दुसऱ्याचं नाव लागलेलं असतं. आपण तिथे बसू शकत नाही. पायथॉनमध्येही काही शब्द असेच आधीच ‘बुक’ झालेले आहेत. त्यांना आरक्षित शब्द किंवा कीवर्ड म्हणतात. प्रत्येकाला एक ठरलेलं काम दिलेलं असतं आणि तो शब्द दुसऱ्या कशाचंही नाव म्हणून वापरता येत नाही.

असं का करावं लागतं? आपण माणसं संदर्भावरून अर्थ लावतो. “कर भरला” आणि “कर जोडले” यातला ‘कर’ वेगळा, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पायथॉन मात्र आपला कोड शब्द-शब्द तोडून वाचतो आणि प्रत्येक शब्द कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवतो. ‘इफ’ दिसलं की आता अट येणार, ‘फॉर’ दिसलं की आता पुनरावृत्ती येणार, असा त्याचा हिशोब असतो. उद्या कुणी ‘इफ’ नावाचं व्हेरिएबल केलं, तर ‘इफ’ने सुरू होणारी ओळ अट आहे की नाव, हे त्याला दरवेळी नव्याने ठरवत बसावं लागेल. तो घोळ टाळायला शब्दच राखून ठेवले.

आता मुलांच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. ‘पास’ हा आरक्षित शब्द आहे आणि त्याचा परीक्षेशी काहीही संबंध नाही. त्याचा अर्थ “इथे काही करू नकोस, पुढे जा”. पत्ते खेळताना आपण ‘पास’ म्हणतो ना, तसाच. ‘फेल’ला पायथॉनने कुठलंच काम दिलेलं नाही, म्हणून तो आपल्याला मोकळा आहे.

२. एकूण ३५ शब्द

सध्याच्या पायथॉन ३ मध्ये आरक्षित शब्द ३५ आहेत. राज्य मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायलाही ३५ गुण लागतात, त्यामुळे हा आकडा मुलं विसरत नाहीत! यादी मात्र पाठ करून घेऊ नका. कामानुसार गट पाडले की ती आपोआप लक्षात राहते.

- ठरलेली मूल्ये: ट्रू, फॉल्स, नन
- तर्क आणि तुलना: अँड, ऑर, नॉट, इन, इज
- निर्णय: इफ, एलिफ, एल्स
- पुनरावृत्ती: फॉर, व्हाइल, ब्रेक, कंटिन्यू
- फंक्शन आणि क्लास: डेफ, रिटर्न, लॅम्डा, यील्ड, क्लास
- नावांचा कारभार: ग्लोबल, नॉनलोकल, डेल
- बाहेरचा कोड आणणे: इम्पोर्ट, फ्रॉम, ॲज
- चुका हाताळणे: ट्राय, एक्सेप्ट, फायनली, रेझ, असर्ट
- उरलेले: पास, विथ, असिंक, अवेट

यातल्या पहिल्या गटातल्या तीनच शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं. बाकीचे ३२ शब्द पूर्ण स्मॉल लिपीत. त्यामुळे ‘ट्रू’ स्मॉल अक्षराने लिहिलं, तर पायथॉनच्या लेखी तो आरक्षित शब्दच नाही.

ही यादी दगडावर कोरलेली नाही, हेही मुलांना सांगावं. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथॉन पहिल्यांदा लोकांसमोर आणला, तेव्हापासून ती बदलत आली आहे. पायथॉन २ मध्ये ‘प्रिंट’ हा आरक्षित शब्द होता. २००८ च्या पायथॉन ३ मध्ये तो साधं फंक्शन झाला, म्हणून आता प्रिंटपुढे कंस लागतो. उलट ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ पायथॉन २ मध्ये आरक्षित नव्हते. कुणी ‘ट्रू = फॉल्स’ असं लिहिलं तरी ते चालायचं! ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे शब्द २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून पूर्ण आरक्षित झाले. त्याआधी काही लायब्ररींत ‘असिंक’ हे नाव सर्रास वापरलेलं होतं. नवी आवृत्ती आल्यावर तो कोड चालेना आणि लिहिणाऱ्यांना नावं बदलावी लागली.

या अनुभवानंतर ‘मॅच’ आणि ‘केस’ हे शब्द २०२१ च्या ३.१० आवृत्तीत आणताना मधला मार्ग काढला गेला. त्यांना सॉफ्ट कीवर्ड म्हणतात. ठरावीक जागी आले तर त्यांना विशेष अर्थ, एरवी ते साधी नावं. ‘मॅच = ५’ आजही चालतं.

आपल्या मशीनवरची खरी यादी बघायची असेल तर दोन ओळी पुरतात: ‘इम्पोर्ट कीवर्ड’ आणि मग ‘प्रिंट(कीवर्ड.केडब्ल्यूलिस्ट)’. पुस्तकातल्या यादीपेक्षा ही यादी भरवशाची, कारण ती तुमच्या आवृत्तीचीच असते.

३. नाव देण्याचे नियम

नियम थोडेच आहेत.

१) नावात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच चालतं.
२) नावाची सुरुवात अंकाने होत नाही. ‘चाचणी३’ चालेल, ‘३री_चाचणी’ चालणार नाही.
३) मध्ये जागा सोडायची नाही. आडवी रेघही नाही, कारण ‘एकूण-गुण’ म्हणजे पायथॉनला वजाबाकी वाटते.
४) इंग्रजी नावात कॅपिटल आणि स्मॉल वेगळे धरले जातात. ‘मार्क्स’चा पहिला एम कॅपिटल आणि स्मॉल, ही दोन वेगळी व्हेरिएबल्स झाली.
५) आरक्षित शब्द नाव म्हणून चालत नाही.

शाळेच्या विषयावर प्रोग्राम लिहिताना ‘क्लास’ आणि ‘पास’ हे दोन शब्द हमखास आडवे येतात. यावर ‘पेप ८’ या पायथॉनच्या लेखनशैलीच्या दस्तऐवजात उपाय दिला आहे: शब्दाच्या शेवटी अंडरस्कोर लावा, म्हणजे ‘क्लास_’. पण मी मुलांना सांगते, त्याहून सरळ उपाय म्हणजे नेमकं नाव शोधा. ‘क्लास’ म्हणजे तुला इयत्ता म्हणायचीय की तुकडी? ‘पास’ म्हणजे उत्तीर्ण व्हायला लागणारे किमान गुण ना? मग ‘किमान_गुण’ लिही. अडचण सुटते आणि नाव आधीपेक्षा चांगलं होतं.

४. जिथे पायथॉन अडवत नाही

वरच्यापैकी चौथा सोडून बाकीचे नियम मोडले तर संगणक लगेच थांबवतो. पुढच्या चुकांत तो थांबवत नाही, म्हणून वर्गात यांना जास्त वेळ द्या.

*पहिली चूक: तयार फंक्शनचं नाव घेणं.* ‘सम’, ‘लिस्ट’, ‘मॅक्स’, ‘इनपुट’ हे आरक्षित शब्द नाहीत. ती पायथॉनसोबत येणारी तयार फंक्शन्स आहेत, आणि त्यांचं नाव आपल्या व्हेरिएबलला देता येतं.

सम = ०
गुण = [७८, ८५, ६४]
प्रिंट(सम(गुण))

पहिल्या ओळीला काही तक्रार नाही. तिसऱ्या ओळीला मात्र एरर येतो, “इन्ट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल”. कारण पहिल्या ओळीपासून ‘सम’ हे नाव शून्याला चिकटलं. बेरीज करणारं फंक्शन त्याच्या मागे झाकलं गेलं. मूल तिसरी ओळ पुन्हा पुन्हा तपासतं, चूक पहिल्या ओळीत असते. त्यातून शेलमध्ये काम चालू असेल तर पहिली ओळ खोडली तरी ‘सम’ शून्यच राहतो. अशा वेळी ‘डेल सम’ लिहावं किंवा शेल पुन्हा सुरू करावा. झाकलेलं फंक्शन परत मिळतं.

याच जातीची चूक फाइलच्या नावातही होते. टर्टल ग्राफिक्सचा धडा असला की मुलं फाइलला ‘टर्टल’ असंच नाव देतात. मग ‘इम्पोर्ट टर्टल’ म्हटलं की पायथॉन खऱ्या टर्टल मॉड्यूलऐवजी मुलाचीच फाइल उघडतो आणि चित्र काही निघत नाही. लॅबमध्ये “कालपर्यंत चालत होतं” असं ऐकलंत, तर आधी फाइलचं नाव बघा.

*दुसरी चूक: नावाचं स्पेलिंग.* ही माझीच गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी शाळेच्या अंतर्गत परीक्षेच्या निकालासाठी मी एक प्रोग्राम लिहिला होता. खेळात भाग घेतलेल्या मुलांना १० वाढीव गुण द्यायचे होते. मी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. ‘एकूण’ लिहिताना एका जागी यू घातला, दुसऱ्या जागी डबल ओ. देवनागरीत लिहायचं तर प्रकार असा झाला:

एकूण = ४१२
इफ खेळाडू:
    एकुण = एकूण + १०
टक्के = एकूण / ५०० * १००

तिसरी ओळ नीट बघा. डावीकडे ऱ्हस्व ‘एकुण’ आहे. पायथॉनला ते नवं नाव वाटलं, त्याने ४२२ त्या नव्या नावाला दिले आणि जुना ‘एकूण’ ४१२ वरच राहिला. टक्के निघाले ८२.४, यायला हवे होते ८४.४. कुठेही लाल अक्षर नाही, कुठेही एरर नाही. प्रगतिपुस्तकं छापली, वाटलीही. खो-खो खेळणाऱ्या एका मुलीची आई दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदावर पेन्सिलीने बेरीज करून घेऊन आली, म्हणून ती चूक सापडली. त्या मुलीसारख्या आणखी काही मुलांचे गुण राहिले होते. सगळ्यांची प्रगतिपुस्तकं बदलून दिली. पण ती आई आली नसती तर?

असं का होतं ते समजून घेऊ. सी प्लस प्लसमध्ये व्हेरिएबल वापरण्याआधी ते जाहीर करावं लागतं, त्यामुळे चुकीचं नाव तिथेच पकडलं जातं. पायथॉनमध्ये जाहीर करणं नाही. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नाव लिहिलं की ते जन्माला येतं. म्हणून एक साधा नियम मुलांच्या डोक्यात बसवा: उजवीकडे नाव चुकलं तर पायथॉन ‘नेम एरर’ देतो, डावीकडे चुकलं तर तो गप्प राहून नवं नाव तयार करतो. उत्तर विचित्र आलं, की डावीकडची नावं एकेक करून तपासायची.

*तिसरी चूक: अर्थ नसलेलं नाव.* एक्स, वाय, झेड, ए१, ए२. संगणकाला काही फरक पडत नाही, माणसाला पडतो. हे दोन नमुने मुलांसमोर ठेवा:

झेड = एक्स * वाय / १००

व्याज = मुद्दल * दर / १००

दुसरी ओळ वाचणारं मूल लगेच विचारतं, “मॅडम, मुदत राहिली ना?” पहिल्या ओळीत तीच चूक आहे, पण ती कुणालाच दिसत नाही. चांगलं नाव चूक उघडी पाडतं, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

५. रूढी: नियम नाहीत, पण पाळाव्यात

पेप ८ हा दस्तऐवज २००१ चा आहे. त्यातल्या शाळेपुरत्या गोष्टी एवढ्याच: व्हेरिएबल आणि फंक्शनची नावं स्मॉल लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोर. न बदलणाऱ्या किमती, उदाहरणार्थ कमाल गुण, पूर्ण कॅपिटलमध्ये. क्लासच्या नावात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. आणि एकाच अक्षराचं नाव म्हणून स्मॉल एल, कॅपिटल ओ आणि कॅपिटल आय कधीच नको, कारण काही फॉन्टमध्ये ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात.

६. मराठीत नावं दिली तर?

पायथॉन ३ पासून हे खरंच चालतं. ‘गुण’, ‘विद्यार्थी’, ‘टक्के’ ही नावं देवनागरीत टाइप करा, प्रोग्राम चालेल. सुरुवातीच्या महिन्यात मी मुद्दाम असं करून घेते. इंग्रजीत दिसतो तो शब्द पायथॉनचा, मराठीत दिसतो तो माझा; आरक्षित शब्द आणि व्हेरिएबल यांतला फरक मुलांना नजरेनेच कळतो. शिवाय इंग्रजीची भीती असलेलं मूलही अर्थपूर्ण नाव देऊ लागतं.

पण तीन गोष्टी सांभाळा.

- ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की नाव बदललं. वरचं उदाहरण आठवा. शुद्धलेखनाचा इतका रोखठोक उपयोग मुलांना दुसरीकडे क्वचितच दिसेल!
- ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ या शब्दांतला ‘ऱ्य’ काही कीबोर्डवर टाइप करताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह येतं, त्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. ते नावात आलं की पायथॉन ओळच नाकारतो, आणि शब्द तर डोळ्यांना बरोबर दिसतो. अशी नावं टाळलेली बरी. ‘चाचणी२’ लिहा.
- नावाच्या आत मराठी अंक चालतो, पण ‘चाचणी’पुढे मराठी दोन आणि इंग्रजी दोन ही दोन वेगळी नावं होतात. आणि हिशोबातली संख्या मराठी आकड्यांत थेट लिहिली तर एरर येतो. गंमत म्हणजे ‘इनपुट’ने घेतलेले मराठी आकडे ‘इन्ट’ फंक्शन बरोबर ओळखतं आणि संख्येत बदलतं.

पुढे परीक्षेत आणि नोकरीत इंग्रजी नावंच वापरली जातात, म्हणून दुसऱ्या सत्रापासून मुलांना तिकडे वळवावं. नेमकं नाव शोधायची सवय तोवर लागलेली असते.

७. वर्गात आणि घरी करून बघा

*वर्गात:* फळ्यावर ही नावं लिहा आणि तीन गट पाडायला सांगा: चालेल, चालणार नाही, चालेल पण देऊ नये.

३री_चाचणी, चाचणी३, एकूण गुण, एकूण_गुण, क्लास, क्लास_, सम, इम्पोर्ट, _टक्के, एल

उत्तरं: ‘३री_चाचणी’, ‘एकूण गुण’, ‘क्लास’ आणि ‘इम्पोर्ट’ चालणार नाहीत. ‘सम’ आणि एकटा ‘एल’ चालतील, पण देऊ नयेत. बाकीची चालतील. तिसऱ्या गटावर वाद होऊ द्या, धडा तिथेच पक्का होतो.

नंतर शेजारच्या मुलाशी प्रोग्राम बदलायला सांगा. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. वाचणाऱ्याला ज्या नावाचा अर्थ कळला नाही, त्याखाली त्याने रेघ मारायची. रेघ मारलेली नावं बदलायची.

*घरी, पालकांसाठी:* तुम्हाला पायथॉन येण्याची गरज नाही. मुलाला त्याचा प्रोग्राम मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक नावावर एकच प्रश्न विचारा, “हे काय आहे?” उत्तर देताना मूल अडखळलं, तर ते नाव चुकलेलं आहे. आणि उत्तराची पडताळणी एकदा कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. आमच्या शाळेत ती चूक अशीच सापडली होती.

आता लॅबमध्ये “पास का चालत नाही?” असं कुणी विचारलं, तर मी आधी कारण सांगते आणि मग म्हणते, “बाळा, ३५ शब्दांची राखण पायथॉन करतो. बाकीच्या सगळ्या शब्दांची राखण तुला करायची आहे.”